कार्डाखालची ओळ

जिवंत माणसांना फोन करून "तुम्ही जिवंत आहात ना?" असं विचारायची नोकरी मी अकरा वर्षं केली. अर्थात इतक्या सरळ शब्दांत नाही. इंग्लंडमध्ये असं विचारायची सोय नाही. मी म्हणायचे, "मी लीड्सहून शैला बोलतेय, एका पुस्तकासंदर्भात थोडी माहिती हवी होती," आणि पलीकडून त्या माणसाने स्वतः उत्तर दिलं की माझं काम झालं. मग दोन मिनिटं हवापाण्याच्या गोष्टी, फोन ठेवायचा, वहीतल्या नावापुढे बरोबरची खूण करायची.

हे काम मला देणारा ऑरिन टॅलबर्ट. जन्माने अमेरिकन, एके काळचा कवी, आणि माझ्या ओळखीत आला तेव्हा कवितांच्या पुस्तकांचा प्रकाशक. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे त्याचं काही अडलं नाही, पण मनातल्या मनात मी त्याच्याशी 'अहो' म्हणूनच बोलायचे. लिहिताना मात्र 'तो'च लिहिते. 'ते टॅलबर्टसाहेब' म्हटलं तर माझ्या डोळ्यांसमोर दुसराच कोणी जाडजूड माणूस उभा राहतो.

मी इथल्या हॉस्पिटलात मेडिकल सेक्रेटरी होते. डॉक्टर लोक टेपवर पत्रं सांगायचे, कॉमा आणि फुलस्टॉपसकट, आणि मी ती टाइप करायचे. पंचवीस वर्षं लोकांच्या किडन्या आणि यकृतं टाइप करून रिटायर झाले आणि दोन महिन्यांत घरात बसून डोकं फिरायला लागलं. आमचे हे, म्हणजे मधुकर, तेव्हा कौन्सिलच्या रस्तेखात्यात इंजिनिअर होते, सकाळी आठला घराबाहेर. मुलगी मीरा लग्न होऊन लंडनच्या एजवेअरला. लायब्ररीच्या बोर्डावर योगाच्या आणि हरवलेल्या मांजराच्या चिठ्ठ्यांमध्ये एक टाइप केलेली चिठ्ठी दिसली : 'मोठ्याने वाचणारी व्यक्ती पाहिजे. कवितेची आवड नसावी.' मी म्हटलं, ही जागा माझ्यासाठीच ठेवलेली आहे.

शहराच्या कडेला एक जुनी कापडगिरणी आहे. तिथे खाली सायकलींचं दुकान, मधल्या मजल्यावर योगाचे वर्ग, आणि सगळ्यात वर, तिसऱ्या मजल्यावर, ऑरिनचं ऑफिस. वर पोचेपर्यंत मला धाप लागली होती. खोलीत हा उंच, वाळकुडा माणूस डोक्यावर तपकिरी हॅट घालून बसलेला. हीटर चालत नव्हता म्हणून हॅट, असं मला वाटलं. पुढे कळलं की हीटर चालू असला तरी हॅट असतेच. त्याने काही न विचारता माझ्या हातात एक कागद दिला.

"वाच. कॉमासकट."

मी वाचला. किडनीचा रिपोर्ट वाचावा तसा. तो समोर छापील प्रूफ घेऊन बसला होता आणि त्याच्या हातात पोस्टकार्डाएवढं एक कोरं, पांढरं, जाड कार्ड होतं. ते त्याने कवितेवर ठेवलं होतं आणि मी एक ओळ वाचली की तो ते एका ओळीने खाली सरकवायचा. वाचून झालं.

"काय कळलं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"उत्तम. सोमवारी ये."

प्रूफं तपासायची ही जुनी पद्धत. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्याशी ताडून बघायचं. कार्ड एवढ्याचसाठी की खालची ओळ दिसू नये. डोळा मोठा लबाड असतो, पुढचं दिसलं की हातातलं वाचायचं सोडून पळतो. पहिल्याच आठवड्यात ऑरिनने मलाही एक कार्ड दिलं. त्याचं स्वतःचं मात्र फार जुनं होतं. तो निळ्या पेन्सिलीने खुणा करायचा, त्यामुळे त्याच्या कार्डाच्या उजव्या कोपऱ्यावर निळ्या अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. वर्षानुवर्षं त्याच जागी अंगठा, त्यामुळे ठसा असा गडद झालेला की शिक्काच वाटावा.

आणि त्याचा कान! वाचताना माझी एखादी ओळ सुटली की समोरचं न बघता तो हात वर करायचा.

"तुमच्याकडे प्रूफ आहे, म्हणून कळतं," मी एकदा म्हटलं.

"नाही. ओळ गाळलीस की तुझा आवाज अर्धी पायरी खाली उतरतो. तुला माहीत नसतं, पण उतरतो."

हळूहळू माझ्या लक्षात आलं की हा माणूस आयुष्यही कार्ड ठेवूनच जगतो. हवामानाचा अंदाज लागला की रेडिओ बंद. डायरी होती, पण तिच्यात दिवस संपल्यावर लिहायचा, आधी कधीच नाही. प्रत्येक प्रकाशकाच्या कॅटलॉगमध्ये पुढे येणाऱ्या पुस्तकांचं एक पान असतं. याच्या कॅटलॉगमध्ये ते नव्हतं. दुकानांना पुस्तकं पुरवणारे लोक डोकं धरून बसायचे. मी म्हणायचे, "अहो, पुढच्या महिन्यात येणारं पुस्तक आहे, बायंडरकडे पडलंय, लिहायला काय जातं?" तर हा शांतपणे उकडलेलं अंडं सोलत म्हणायचा, "ती ओळ अजून आलेली नाही." सामानाची यादीसुद्धा स्वतः लिहायचा नाही, मला तोंडी सांगायचा. पत्रं सांगायचा ती फक्त घडून गेलेल्या गोष्टींची. अमेरिकेत त्याची एक मुलगी होती, रूथ. तिच्या वाढदिवसाच्या कार्डावर नुसती सही करून पाठवायचा. मला चीड यायची. "दोन शब्द लिहा की हो, 'सुखी राहा' एवढं तरी!" तो निळी पेन्सिल खाली ठेवायचा आणि खिडकीकडे पाठ करायचा.

बरं, माणूस माणूसघाणा म्हणावा तर तसंही नाही. माझ्या डब्यात काय आहे ते त्याला जिन्यावरच वासाने कळायचं. चकलीवर त्याचा विशेष जीव. तिचा वेढा तो बाहेरून आत मोडत जायचा, एक एक तुकडा, आणि मधला बारका तुकडा खायच्या आधी थांबायचा. मी हसले की म्हणायचा, "शेवटी काय आहे ते मला माहीत आहे असं मी धरून चालत नाही."

आता फोनचं सांगते. कोणत्याही हस्तलिखितात कुणाच्या मरणाची कविता असली की ऑरिन त्या माणसाचं नाव वहीत लिहायला लावायचा आणि मी त्याचा शोध घ्यायचे. माणूस खरोखर गेलेला असला तर कविता छापायची. जिवंत असला तर हस्तलिखित परत. शेफील्डजवळच्या एका तरुण कवयित्रीने आईच्या मृत्यूवर बारा कविता पाठवल्या होत्या. मलासुद्धा वाचताना कसंतरी झालं, म्हणजे बघा. मी फोन लावला. एका म्हातारीने उचलला. म्हणाली, "थांब हं, मार्मलेड गॅसवर आहे." तीच ती आई.

ऑरिनने त्याच दिवशी हस्तलिखित परत पाठवलं. मुलगी तीन मजले चढून भांडायला आली. लालबुंद झाली होती. "हे रूपक आहे! आमचं नातं मेलं, त्याचा शोक आहे हा. एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"मला कळतं," ऑरिन म्हणाला. "कवितेला कळत नाही."

मी त्या मुलीला जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि त्याच्या वतीने माफी मागितली. म्हातारा जरा चक्रम आहे, असं म्हटलं. तिचं पुस्तक दुसऱ्या कोणीतरी छापलं. पुढे वसंतात एकदा मला त्या म्हातारीची आठवण झाली. मार्मलेडची कृती विचारायला म्हणून मी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग मुलीने उचलला. माझा आवाज तिने ओळखला. म्हणाली, "आई गेली. त्यांना सांगू नका." मी फोन ठेवला. ऐंशीच्या घरातली बाई, त्यात काय एवढं, असं मी स्वतःला बजावलं. ऑरिन समोर बसला होता. त्याने वही पुढे ओढली, तिच्या आईच्या नावापुढची माझी बरोबरची खूण खोडरबराने हळूच पुसली आणि कागदावरचा चुरा फुंकून टाकला.

त्यानंतर बर्फामुळे बस बंद होत्या त्या एका दुपारी त्याने मला कारण सांगितलं. आम्ही दोघं ऑफिसात अडकलो होतो आणि मी थर्मासमधला चहा ओतत होते.

अमेरिकेतल्या नेब्रास्कातलं शेतावरचं घर. धाकटा भाऊ लाइल. ऑरिनच्या पहिल्या पुस्तकात एक कविता होती, भाऊ गोठ्याच्या शिडीवरून पडतो अशी. वरून तिसरी पायरी मोडते. भाऊ तेव्हा ठणठणीत होता, त्याने ती कविता वाचून ऑरिनची टिंगल केली होती. पुस्तक आलं, त्याला बक्षीस मिळालं, आणि महिन्याभरात भाऊ पडून गेला. पायरी वरून तिसरी.

"योगायोग," मी म्हटलं.

"हो. मीही तसंच म्हटलं. म्हणून दुसरं पुस्तक लिहिलं."

दुसऱ्यात एक बाई पिवळी सूटकेस घेऊन नवऱ्याला सोडून जाते. त्याच्या बायकोकडे पिवळी सूटकेस नव्हती. तिच्या मावशीने तिला नाताळात भेट दिली.

मला हसू आलं. खरंच आलं, काय करू? तोही हसला. मग मी विचारलं, "आणि तिसरं?"

"तिसरं लिहिलं नाही. कच्च्या वहीत पहिल्या चार ओळी आल्या होत्या. त्यात रूथ होती. सात वर्षांची होती ती." त्याने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "मी वही बंद केली आणि तिच्यापासून शक्य तितका लांब आलो. इथे दुसऱ्यांच्या ओळी छापतो. माझी एकही नाही."

मी थर्मासमधला उरलेला चहा त्याच्या कपात ओतला. बाहेर बर्फ पडत होता. घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "शैला, ह्या माणसाला डॉक्टरची गरज आहे." मलाही तसंच वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून मी त्याला 'दोन शब्द लिहा' म्हणायचं बंद केलं.

मग दीड वर्षांपूर्वी ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण नंतर छातीत न्युमोनिया झाला आणि ह्यांना झोपेच्या औषधात ठेवलं. औषध बंद केलं तरी हे जागे होईनात. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. मीरा एजवेअरहून रोज फोन करायची. तिचं मराठी इथे वाढलेल्या मुलांचं. "आई, बाबाचा तब्येत कसा आहे? डॉक्टर काय म्हटला?" एरवी मी तिला सुधारत बसते. तेव्हा तिचा प्रत्येक चुकलेला शब्द मला रडवायचा. सातव्या दिवशी डॉक्टरांनी मला एका छोट्या खोलीत बसवलं, जिथे टिश्यूचा नवा बॉक्स ठेवलेला असतो. पंचवीस वर्षं हॉस्पिटलात काढल्यावर त्या खोलीचा अर्थ मला कोणी सांगायला नको होता.

तिथून मी थेट गिरणीत गेले. तीन मजले कशी चढले कोण जाणे. ऑरिन अंडं सोलत होता.

"तुम्ही लिहिलेलं घडतं ना?" मी म्हटलं. "मग लिहा. हे घरी आले असं लिहा."

त्याने अंडं खाली ठेवलं. "तू काय मागतेस ते तुला माहीत नाही."

"मला सगळं माहीत आहे. अकरा वर्षं मी तुम्हाला वेडा समजले. आज नाही समजत. लिहा."

"शैला, फक्त चांगलं असं मला लिहिता येत नाही. पहिली ओळ मी निवडतो. मग कविता तिला हवं तिथे जाते. शेवट माझ्या हातात नसतो."

"मला शेवट नकोच. हे उठले पाहिजेत."

मी त्याच्यासमोर हात जोडले नाहीत. टेबलावर हात आपटला. त्याची लाज मला अजून वाटते आणि वाटतही नाही. माझा नवरा जात होता.

 दोन दिवस त्याने ऑफिसचं दार आतून लावून घेतलं. मधल्या मजल्यावरची योगावाली सांगत होती की वर कोणीतरी सारखं मोठ्याने कॉमा, फुलस्टॉप म्हणतंय, आणि दुसरं कोणीतरी ऐकून हुंकार देतंय. वर दुसरं कोणी असायचं कारण नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो वॉर्डच्या दाराशी आला. दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला. हॅट हातात. त्याला हॅटशिवाय मी पहिल्यांदाच बघितलं. त्याने मला एक छापलेला कागद दिला. स्वतः छापखान्याचे शिशाचे खिळे जुळवून छापलेल्या चौदा ओळी, दोन ओळींत भरपूर अंतर. त्या सगळ्यांवर एक कोरं कार्ड क्लिपने लावलेलं होतं.

"आधी घडू दे," तो म्हणाला. "मग कार्ड सरकव. एका वेळी एक ओळ. काही घडलं आणि ते कोणाला तरी सांगावंसं वाटलं, की एक ओळ. उलटं कधी करू नकोस."

"उलटं केलं तर?"

"ते मलाही माहीत नाही. मी कधी करून बघितलं नाही."

मी ह्यांच्या कॉटपाशी जाऊन बसले. संध्याकाळी चारच्या सुमाराला ह्यांच्या उजव्या हाताचं एक बोट चादरीवर हललं. मी नर्सला हाक मारली, मग पर्समधून कागद काढला आणि कार्ड एका ओळीने खाली घेतलं. 'एक बोट चादरीला विचारतं, आपण कुठे आहोत.' 

दुसऱ्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले आणि नळी काढल्यावर पहिला शब्द उच्चारला तो 'चहा'. दिला नाही अर्थात, गिळता येतं का ते तपासायचं होतं. कार्ड सरकवलं : 'तो चहा मागतो आणि त्याला पाणीसुद्धा मिळत नाही.' असं करत करत. पाचवी ओळ जिन्याच्या कठड्याची होती, सहावी घरी आल्यावर एकच चप्पल सापडण्याची. ती खरंच एकच सापडली, दुसरी मीराने व्हॅक्यूम करताना सोफ्याखाली ढकलली होती. नवव्या ओळीत हे माझ्यावर ओरडले. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी ह्यांना उलट उत्तर दिलं नाही. हे माझं कागदाचं प्रकरण बघून आधी हसायचे. सहाव्या ओळीनंतर हसायचे बंद झाले.

ऑरिन दर गुरुवारी चारला आमच्याकडे चहाला यायला लागला. आमच्या घरासमोरच बसस्टॉप आहे. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढच्या सीटवर बसून यायचा आणि तसाच जायचा. ह्यांच्याशी रस्त्यांच्या खड्ड्यांवर तासभर बोलायचा. निघताना मला एकच प्रश्न : "कितवी ओळ?" मी सांगायचे, दहावी, अकरावी. "छान. सावकाश," तो म्हणायचा. तो दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. विचारलं तर म्हणायचा, ती ओळ अजून आलेली नाही.

गेल्या ऑक्टोबरातला एक गुरुवार. सकाळी हे ऑपरेशननंतर पहिल्यांदा एकटे बाहेर पडले. लायब्ररीत जाऊन, वर्तमानपत्र वाचून, अकरा वाजता घरी परत आले आणि दारातूनच म्हणाले, "बघ, आलो की नाही!" मला कोण आनंद. मी ड्रॉवरमधून कागद काढला, स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला आणि कार्ड सरकवलं. बारावी ओळ : 'तो एकटा जातो आणि दारातूनच सांगतो की आलो.' तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी मान वळवून गॅसकडे बघितलं, मनात ओळ पुन्हा म्हटली, फुलस्टॉप म्हटलं, आणि फुलस्टॉप म्हटल्यावर अकरा वर्षं माझा हात जे करत आला होता तेच त्याने केलं. कार्ड खाली सरकवलं.

'आणि ज्याने हे लिहिलं तो वरच्या मजल्यावर बसून राहतो. बस रिकामी होते.'

मी कार्ड भिंतीकडे लोटलं आणि खुर्चीवर बसले. कुकर शिट्ट्या मारत राहिला, शेवटी ह्यांनी येऊन गॅस बंद केला. ऑरिनकडे मोबाइल नव्हता. ऑफिसचा फोन नुसता वाजत राहिला. चार वाजेपर्यंत मी खिडकीत उभी होते. बस आली. तो उतरला. धडधाकट, हॅट घालून, हातात ह्यांच्यासाठी संत्री. मला एवढं हायसं वाटलं की मी त्याला दारातच मिठी मारली, जी मी आयुष्यात कोणा परक्या पुरुषाला मारलेली नाही.

चहा झाला. दोन चकल्या खाल्ल्या. कप विसळायला तो नेहमीप्रमाणे स्वतः आत गेला, परत आला आणि विचारलं, "कितवी ओळ?"

"बारावी," मी म्हटलं.

त्याने हात वर केला. "आवाज अर्धी पायरी उतरला, शैला."

मग मला राहवलं नाही. मी रडत सगळं सांगितलं. कुकर, शिट्टी, हात. म्हटलं, "खोडा ती ओळ. तुम्ही प्रकाशक आहात, काढून टाका."

"प्रकाशक कवीला विचारल्याशिवाय ओळ काढत नाही."

"मग विचारा ना त्याला!"

"विचारलं," तो म्हणाला. "छापायच्या आधीच विचारलं होतं. तो नाही म्हणाला."

हे मध्ये पडले. "हे बघा, वाद नको. बसने जाऊच नका. टॅक्सी बोलावतो." ऑरिन लगेच कबूल झाला, माझ्या समाधानासाठी. टॅक्सी दहा मिनिटांत येते म्हणाले. आम्ही तिघं बाहेर फाटकाशी उभे राहिलो. वीस मिनिटं झाली. ऊन उतरायला लागलं, हे थंडीने कुडकुडायला लागले. ऑरिनने ते बघितलं. आणि समोरून बस आली.

"मधुकरला आत ने," तो म्हणाला. मी त्याची बाही धरली. त्याने माझी बोटं एक एक करून सोडवली, अगदी चकली मोडायचा तशी, हळू. "तू कार्ड आधी सरकवलंस, एवढंच झालं. ओळ तीच होती."

"माझ्यामुळे—"

"मी चाळीस वर्षं एक ओळ लिहिली नव्हती. तू मला चौदा लिहायला लावल्यास. त्यातल्या बारा चांगल्या आल्या. कोणत्याही कवीला विचार, हे फार झालं."

तो चढला. वर, सगळ्यात पुढे जाऊन बसला. मी फुटपाथवर उभी राहून वर बघत होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने कोटाच्या खिशातून त्याचं पांढरं कार्ड काढलं, दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरलं आणि बस निघाली तसं रस्त्यावरून ते अगदी सावकाश खाली खाली आणायला लागला. वळणापर्यंत मला ते पांढरं दिसत होतं.

शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले तरी वर एकजण बसून आहे, म्हणून ड्रायव्हर बघायला गेला. ऑरिनच्या पाकिटात जवळची व्यक्ती म्हणून माझं नाव होतं, त्यामुळे फोन मलाच आला. हॉस्पिटलातून वस्तूंची पिशवी मीच आणली. हॅट, चष्मा, निळी पेन्सिल, किल्ल्या. कार्ड नव्हतं. मी दोनदा विचारलं. तिथली बाई म्हणाली, यादीप्रमाणे एवढंच आहे.

अंत्यविधीला रूथ आली. पन्नाशीची, बापासारखीच उंच. म्हणाली, "त्यांनी मला आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. नुसती सही. मी त्यांची नावडती होते." मी तिला बाजूला घेऊन बसवलं आणि बर्फाच्या दुपारी ऐकलेलं सगळं सांगितलं, सात वर्षांची मुलगी आणि बंद केलेली वही.  मग तिने पर्समधून एक जुडगा काढला. सगळी वाढदिवसाची कार्डं. प्रत्येकावर सही, आणि वर सगळी कोरी जागा.

एवढं सांगून झालं, पण एक राहिलंच. त्या गुरुवारी बस गेल्यावर मी ह्यांना घेऊन आत आले. टेबलावरचा कागद मी सकाळी तसाच टाकला होता, तेराव्या ओळीवर उघडा, माझं कार्ड बाजूला भिंतीशी पडलेलं. आता त्याच्यावर एक कार्ड होतं. चौदाव्या ओळीवर, नीट, कडेला कड लावून. कप विसळायला आला तेव्हा ठेवलं असणार, मी म्हटलं. जवळ जाऊन बघितलं तर उजव्या कोपऱ्यात निळा अंगठा होता.

मग बसमध्ये त्याच्या हातात काय होतं, ते मला माहीत नाही.

कागद आता ड्रॉवरमध्ये असतो, कार्डासकट. त्या कार्डाला मी हात लावलेला नाही. ह्यांची तब्येत बरी आहे, वजन चार किलोनं वाढलंय, रोज लायब्ररीत जातात. कधीतरी दुपारी भाजी निवडायला बसले की ड्रॉवरकडे बघून हे सहज विचारल्यासारखं विचारतात, "शैला, शेवटी काय लिहिलंय गं त्याने?"

मी म्हणते, "तुम्ही आधी मेथी निवडा."

आणि माझा आवाज अर्धी पायरी उतरलेला मला स्वतःला ऐकू येतो.